चिखलाच्या भिंती, गवताचं छप्पर: प्लिमथच्या पहिल्या घरांचं प्रकरण (1620 ते 1627)

पार्श्वभूमी

नोव्हेंबर 1620 मध्ये इंग्लंडहून वसाहत करायला निघालेल्या माणसांचं मेफ्लॉवर जहाज अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या केप कॉड या भूशिराच्या टोकाशी नांगरलं. जहाजावर सुमारे 100 प्रवासी होते. त्यांना जायचं होतं हडसन नदीच्या मुखाकडे, पण वारा आणि उथळ समुद्र यांमुळे ते उत्तरेलाच अडकले. महिनाभर किनारा धुंडाळून डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात त्यांनी प्लिमथ इथे घरं बांधायला घेतली. पुढच्या सात वर्षांत याच वसाहतीने आपल्या घरांचे भाग एकेक करून बदलले. हे प्रकरण त्या बदलांचं आहे. घरमालकांची नावं इथे दिलेली नाहीत, कारण अडचण एकाची नव्हती, सगळ्या रस्त्याची होती. तारखा त्या वेळच्या इंग्लिश पंचांगातल्या आहेत. आजच्या तारखेसाठी त्यांत 10 दिवस मिळवावे लागतात.

या माणसांना माहीत असलेलं घर म्हणजे इंग्लंडच्या खेड्यातलं घर: लाकडी सांगाडा, खांबांच्या मधे काटक्यांचा कूड, कुडावर माती, वाळू, पेंढा आणि शेण यांचं लिंपण, वर गवताचा जाड शाकार. कोकणात कारवीचा कूड पाहिलेल्याला हे घर अनोळखी वाटणार नाही. इंग्लंडच्या हवेत ते शतकानुशतकं टिकत आलं होतं, आणि ते का टिकत होतं हे इथे महत्त्वाचं आहे. आजचे आकडे घेतले तर लंडनला वर्षाला साधारण 600 मिलिमीटर पाऊस पडतो आणि जानेवारीचं सरासरी तापमान 5 अंशांच्या आसपास असतं. प्लिमथजवळच्या बोस्टनला पाऊस जवळजवळ दुप्पट, 1100 मिलिमीटरच्या घरात, आणि जानेवारीची सरासरी शून्याच्या खाली. जुलै मात्र लंडनपेक्षा चार-पाच अंशांनी गरम. सतराव्या शतकातले हिवाळे तर आजच्याहून कडक होते.

नकाशा पाहून हा फरक कळत नाही. प्लिमथ रोमच्या अक्षांशावर आहे, लंडनच्या बरंच दक्षिणेला. पण इंग्लंडवर पश्चिमेचा वारा समुद्राची ऊब घेऊन येतो, आणि न्यू इंग्लंडवर, म्हणजे प्लिमथ ज्यात येतं त्या ईशान्य अमेरिकेच्या भागावर, तोच पश्चिमेचा वारा गोठलेल्या खंडावरून येतो. अक्षांशावरून हवेचा अंदाज बांधणाऱ्या त्या काळच्या सगळ्याच वसाहतींची इथे फसगत झाली.

जागेची निवड

पर्याय तीन होते. एक नदी, जी आत जंगलात होती आणि मासेमारीपासून दूर पडत होती. बंदरातलं एक बेट, जे सुरक्षित होतं पण लागवडीला अपुरं. आणि एक उंचवटा, ज्याच्या पायथ्याशी गोड्या पाण्याचा ओढा होता आणि ज्यावरची बरीच जमीन आधीच मोकळी केलेली होती. निवड तिसऱ्याची झाली.

ती जमीन मोकळी होती, कारण ते तिथल्या मूळच्या वाम्पानोआग लोकांचं पटुक्सेट नावाचं गाव होतं. 1616 ते 1619 च्या दरम्यान आलेल्या साथीने ते गाव पुसून टाकलं होतं. ही गोष्ट घरबांधणीच्या हिशेबात फक्त सोय म्हणून मांडणं बरोबर नाही. माणसं मेली म्हणून शेतं रिकामी होती.

मोकळ्या जमिनीची किंमत दुसऱ्या बाजूने चुकवावी लागली. लाकूड जवळ नव्हतं. वसाहतीच्या नोंदीत स्पष्ट लिहिलं आहे की सर्वांत मोठी मेहनत लाकूड आणण्याची पडेल, कारण ते अर्ध्या पाव मैलावर आहे. म्हणजे साधारण 200 मीटर. ऐकायला हे अंतर किरकोळ वाटतं. पण वसाहतीत बैल नव्हता, घोडा नव्हता. पहिली गुरं आली 1624 मध्ये. तोवर प्रत्येक खांब, तुळई आणि वासा माणसांनी खांद्यावर किंवा दोरांनी ओढत चढावर आणला. जहाजही जवळ येऊ शकत नव्हतं. पाणी उथळ असल्याने ते जवळजवळ दीड मैल दूर उभं होतं, आणि माणसांना थंड पाण्यातून चालत किनाऱ्यावर यावं लागायचं. हिवाळ्यातल्या आजारपणाचं एक मूळ इथेच होतं.

अडचण

25 डिसेंबरला पहिल्या सामाईक घराचं काम सुरू झालं. माप 20 फूट बाय 20 फूट. 28 तारखेला भूखंड आखले: माणशी सव्वाआठ फूट रुंदी आणि साडेएकोणपन्नास फूट लांबी. घरांची संख्या कमी ठेवण्यासाठी एकट्या पुरुषांना कुटुंबांत वाटून 19 कुटुंबं केली. हा हिशेब शहाणपणाचा होता. पण गारठा आणि पावसामुळे आठवड्यातले निम्मे दिवसही काम होत नव्हतं.

पहिला फटका छपराला बसला. 14 जानेवारीला सकाळी सामाईक घराच्या शाकारावर ठिणगी पडली आणि सगळं गवत क्षणात जळून गेलं. खाली आजारी माणसं अंथरुणं लावून झोपलेली होती आणि बाजूला भरलेल्या बंदुका होत्या. सांगाडा वाचला, माणसं वाचली.

तीन आठवड्यांनी भिंतींची पाळी आली. 4 फेब्रुवारीला जोराचा पाऊस आणि वारा झाला आणि घरांच्या भिंतींचं बरंच लिंपण गळून पडलं.

लिंपण का गळतं, हे नीट समजून घ्यायला हवं. ओल्या मातीचा थर वाळताना आकसतो आणि त्याला बारीक भेगा जातात. इंग्लंडमध्ये उन्हाळ्यात लिंपतात. तो सावकाश वाळतो, भेगा दुसऱ्या हाताने भरता येतात, वर चुन्याची निवळी मारतात. जानेवारीत लिंपलेली माती वाळतच नाही. तिच्यातलं पाणी रात्री गोठतं, गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं आणि मातीचे कण एकमेकांपासून सुटे करतं. दिवसा ते वितळतं, रात्री पुन्हा गोठतं. चार-पाच फेऱ्यांत थर काटक्यांवरून सुटतो, फक्त पडायचा बाकी राहतो. मग आडवा पाऊस आला की तो खाली येतो. कोकणात पाऊस याच्या दुपटी-तिपटीहून जास्त, तरी तिथला कूड टिकतो. कारण वळचण लांब असते, झड लागू नये म्हणून पावसाळ्याआधी बाहेरून झापा बांधतात, आणि मुख्य म्हणजे माती कधी गोठत नाही.

यात भर चुन्याची. प्लिमथच्या आसपास चुनखडी नाही. चुना हवा तर शिंपले भाजायचे. त्यासाठी उसंत, सरपण आणि धडधाकट माणसं लागतात, आणि या तिन्हींचा पहिल्या वर्षी दुष्काळ होता.

तिसरी अडचण जमिनीखालची होती आणि ती सावकाश उघड होत गेली. खांब थेट खड्ड्यात पुरायची पद्धत सर्वांत जलद असते, कारण जोतं लागत नाही. पण प्लिमथ ज्या मॅसॅच्युसेट्स राज्यात आहे, तिथे कडक हिवाळ्यात जमीन खोलवर गोठते. आजही तिथे पाया 4 फूट खाली नेण्याचा नियम आहे. अडीच-तीन फूट पुरलेला खांब गोठणाऱ्या जमिनीबरोबर उचलला जातो आणि वसंतात पुन्हा मूळ जागी नेमका बसत नाही. प्रत्येक खांब वेगळा हलतो, म्हणून चौकट तिरकी होते आणि लिंपणाला पुन्हा भेगा जातात. शिवाय जमिनीलगतचं बोटभर लाकूड ओलं-कोरडं होऊन कुजतं, ते वेगळंच.

वसंत येईपर्यंत निम्मी माणसं दगावली होती. सगळे मृत्यू घरांमुळे झाले असं नाही. उपासमार होती, स्कर्व्ही (ताजी फळं-भाज्या न मिळाल्याने होणारा आजार) होता, ओलं अंग होतं. पण जी माणसं जहाजाच्या कोंदट पोटात आणि 20 फुटी खोलीत दाटीवाटीने पडून होती, त्यांना कोरडा निवारा मिळाला नव्हता, हे खरंच.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय: तीच पद्धत चालू ठेवायची आणि पडेल तिथे पुन्हा लिंपायचं. सामान फुकट, हत्यारं साधी, मजुरी मात्र दर वर्षी.

दुसरा: स्थानिक लोकांचं घर. केप कॉडवर फिरताना नोव्हेंबरमध्येच या माणसांनी वाम्पानोआग घरं आतून पाहिली होती आणि बारकाईने लिहूनही ठेवली होती. कोवळी लांब झाडं वाकवून दोन्ही टोकं जमिनीत रोवलेली, वर जमिनीपर्यंत जाड विणीच्या चटया, दार गजभर उंचीचं आणि तेही चटईचं, छपराला धुरासाठी मोठं भोक. मधोमध विस्तव, भोवती निजायच्या चटया. त्यांना विशेष वाटलेली गोष्ट म्हणजे चटया दुहेरी होत्या: बाहेरून एक थर, आतून दुसरा, आतला जास्त नवा आणि सुबक. बाहेरची चटई पाऊस अडवते, आतली ऊब धरते, आणि दोन्हींच्या मधे कोंडलेली हवा राहते. शिवाय हिवाळ्यात ते लोक किनाऱ्यावरच्या वाऱ्यातून उठून आतल्या आडोशाच्या दऱ्यांत जात. त्या हवेला पुरून उरलेलं घर समोर उभं होतं. वसाहतीने त्याचं वर्णन केलं, नक्कल मात्र केली नाही. कायमची शेती, कोठार आणि तटबंदी हवी असणाऱ्यांना हलतं घर नको होतं. पण दुहेरी थराची कल्पना उचलायला घर हलतं असण्याची गरज नव्हती.

तिसरा: दगड किंवा विटा. हिमनद्यांनी आणून टाकलेले गोटे शेतात पाहिजे तेवढे होते, पण चुन्याशिवाय त्यांची भिंत रचणं आणि ती वाऱ्याला बंद करणं कठीण.

चौथा: लाकूड फोडून काढलेल्या फळ्या, म्हणजे क्लॅपबोर्ड. हा पर्याय त्यांच्या हातात पहिल्याच वर्षी होता. पण तेव्हा तो घराचं सामान म्हणून मोजला जात नव्हता, विकायचा माल म्हणून मोजला जात होता.

निर्णय आणि कृती

पहिला मोठा निर्णय 9 जानेवारी 1621 चा. सामाईक काम रेंगाळतंय म्हणून प्रत्येकाने आपलं घर आपण बांधावं असं ठरलं. आपल्या घरासाठी माणूस जास्त झटतो, हा विचार. ते खरंही असेल, पण त्यामुळे जड तुळया उचलायला लागणारे आठ-दहा हात विखुरले, आणि आजारी माणसाच्या घराचं काम जागच्या जागी राहिलं. वर्ष संपताना राहती घरं 7 आणि सामाईक इमारती 4 एवढंच उभं होतं.

नोव्हेंबर 1621 मध्ये फॉर्च्यून जहाजातून आणखी 35 माणसं आली. म्हणजे 7 घरांत सुमारे 85 जण, घरटी बारा. त्या जहाजाबरोबर पाठवलेल्या पत्रात पुढच्यांना सल्ला दिला होता की खिडक्यांसाठी कागद आणि जवसाचं तेल आणा. तेल लावलेला कागद उजेड आत घेतो, वारा बाहेर ठेवतो. काचेचा विचारही परवडणारा नव्हता. खिडकी लहान ठेवायची, हे त्यातून आपोआप आलं.

आणि याच फॉर्च्यूनच्या परतीच्या फेरीत वसाहतीने काय भरलं? मावतील तेवढे क्लॅपबोर्ड आणि दोन मोठी पिंपं बीव्हर व पाणमांजराच्या कातड्यांची. किंमत सुमारे 500 पौंड. वसाहतीसाठी पैसा पुरवणाऱ्या इंग्लंडमधल्या सावकारांचं देणं फेडायचं होतं. इंग्लंडमध्ये पिंपांच्या पट्ट्यांसाठी या फळ्यांना गिऱ्हाईक होतं. वाटेत फ्रेंचांनी जहाज लुटलं.

5 नोव्हेंबर 1623 ला दुसरी मोठी आग लागली. कडाक्याच्या थंडीत काही खलाशांनी एका घरात मोठा विस्तव पेटवला, ज्वाळा धुराड्यातून शाकारात शिरल्या. तीन-चार घरं सामानासकट गेली (दुसऱ्या एका समकालीन नोंदीत त्या हिवाळ्यात जळालेल्या घरांचा आकडा सात आहे). शेजारीच धान्याचं सामाईक कोठार होतं. ओली कापडं टाकून ते कसंबसं वाचवलं. ते गेलं असतं तर वसाहतच संपली असती.

त्यानंतरही छपराचा नियम यायला 1627 उजाडलं. तेव्हा ठरलं की यापुढे कोणतंही राहतं घर पेंढा, बोरू वगैरे कोणत्याही गवताने शाकारायचं नाही. फळी किंवा फोडीव लाकूडच वापरायचं. त्याआधी 1626 मध्ये परवानगीशिवाय लाकूड वसाहतीबाहेर विकायला बंदी झाली होती. या दोन ठरावांकडे एकत्र पाहिलं की बदल दिसतो: जे लाकूड आधी जहाजात चढत होतं, ते आता भिंतीवर आणि छपरावर चढायला लागलं. 1627 मध्ये आलेल्या एका डच पाहुण्याने घरं क्लॅपबोर्डची असल्याचं लिहून ठेवलं, परसांचं कुंपणही त्याचंच.

फोडीव फळी कशी होते

ओकचं सरळ झाड निवडायचं. सालीवरच्या रेघा पिळदार असतील तर आतलं लाकूडही पिळलेलं असतं, ते सोडायचं. लाकूड ओलं असतानाच फोडायचं, वाळलं की हट्टी होतं. 4 ते 5 फुटांचे ओंडके कापायचे. जनावर नसलेल्या वसाहतीत ही लांबी सोयीची होती: ओंडका जंगलातच फोडायचा आणि फळ्यांची मोळी खांद्यावरून आणायची.

ओंडका पाचरी ठोकून आधी मधोमध चिरायचा, मग चौथाई, मग अष्टमांश, चाकाच्या आऱ्यांसारखा नेहमी गाभ्याकडे. पुढचं काम आडव्या मुठीच्या लांब बोथट पात्याने. त्याच्यावर लाकडी मोगरी मारायची आणि मूठ पिळून भेग पुढे न्यायची. भेग एका बाजूला घसरायला लागली की जाड बाजू खाली दाबून वाकवायची, म्हणजे ती परत मधे येते. मधला गाभ्याचा टोकदार भाग आणि सालीखालचं पांढरं कच्चं लाकूड तासून टाकायचं, कारण तेच आधी कुजतं. उरते ती पाचरीच्या आकाराची फळी: एक कड अर्धा इंच, दुसरी जवळजवळ धार.

ही फळी करवतीच्या फळीपेक्षा पावसात सरस ठरते. करवत तंतू कापत जाते आणि कापलेली टोकं पाणी शोषतात. फोडलेल्या फळीत तंतू अखंड असतात, पाणी त्यांच्यावरून ओघळून जातं.

लावताना जाड कड खाली, वरच्या फळीने खालचीला इंचभर झाकायचं. टोकाला टोक भिडवायचं नाही. दोन्ही टोकं पातळ तासून एकावर एक चढवायची, नाहीतर सांध्यातून वारा आत येतो. 20 फूट लांब आणि 7 फूट उंच भिंतीला, प्रत्येक फळीचा साडेचार इंच भाग उघडा धरला तर, जवळजवळ 100 फळ्या आणि दोनेकशे खिळे लागतात. खिळे इंग्लंडहून यायचे, म्हणून त्यांची मोजदाद फळ्यांपेक्षा काटेकोर.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे आतलं लिंपण काढून टाकलं नाही. न्यू इंग्लंडच्या जुन्या घरांत क्लॅपबोर्डच्या मागे खांबांमधली माती आजही सापडते. बाहेर फळी पाऊस झेलते, आत कोरडी राहिलेली माती वारा अडवते आणि ऊब धरते. केप कॉडच्या दुहेरी चटयांमागचा हाच हिशेब होता.

परिणाम

1624 पर्यंत वसाहतीत सुमारे 180 माणसं आणि 32 घरं होती. त्यापुढच्या पिढीत न्यू इंग्लंडच्या घराला स्वतःचा आकार आला. धुराडं घराच्या मधोमध, म्हणजे विटा-दगडांत साठलेली ऊब दोन्ही खोल्यांना. चौकट दगडी जोत्यावर, शेतातून वेचलेल्या गोट्यांचा त्यासाठी उपयोग. छप्पर मात्र उभ्या उताराचंच राहिलं. गवताला पाणी झटकन निथळावं म्हणून तीव्र उतार लागतो, फळीला तेवढा लागत नाही, पण सुतारांचा हात त्याच कोनाला बसलेला होता. बोस्टनजवळच्या डेडहॅममधलं फेअरबँक्स घर याच घडणीचं आहे. त्याच्या लाकडातल्या वर्षकड्या मोजून बांधणीचा काळ 1637 ते 1641 निघाला, आणि ते अजून उभं आहे.

दक्षिणेकडच्या व्हर्जिनिया-मेरीलँड वसाहतींमध्ये तोच इंग्लिश सांगाडा आणि त्याच फोडीव फळ्या वेगळ्या वाटेने गेल्या. तिथे प्रश्न उकाड्याचा, म्हणून धुराडं घराच्या टोकाला भिंतीबाहेर गेलं आणि स्वयंपाकघर वेगळं झालं. किनारपट्टीच्या त्या गाळाच्या जमिनीत दगड मिळत नाही, म्हणून खांब जमिनीतच पुरत राहिले. वाळवी आणि ओल यांनी ती घरं काही दशकांत खाल्ली. त्यांच्या आज जमिनीतल्या खड्ड्यांच्या खुणाच उरल्या आहेत.

वेगळं काय करता आलं असतं

छपराची जोखीम नवी नव्हती. व्हर्जिनियातल्या जेम्सटाउन या आधीच्या इंग्लिश वसाहतीचा कोट जानेवारी 1608 मध्ये जळाला होता, आणि 1610 मध्ये तिथल्या इंग्लिश घरांवर झाडाच्या सालीचं छप्पर असल्याची नोंद आहे, तीही स्थानिक लोकांकडून शिकलेली. प्लिमथच्या माणसांना जानेवारीत ते करता आलं नसतं, कारण खोडात रस चढल्याशिवाय साल अखंड सुटत नाही. पण मे 1621 मध्ये ती सुटली असती. शाकारावरून सालीवर जायला एवढा एकच वसंत पुरेसा होता, आणि 1623 ची आग कदाचित दोन घरांतच थांबली असती.

1627 च्या ठरावात आणखी एक उणीव राहिली. तो छपराबद्दल बोलतो, धुराड्याबद्दल नाही. त्या काळी धुराडंही लाकडी चौकटीचं आणि आतून मातीने लिंपलेलं असे. लिंपण तडकलं की आतलं लाकूड उघडं पडतं. शेजारच्या मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीने 1631 मध्ये बोस्टनला घर जळाल्यावर नव्या गावासाठी दोन्ही गोष्टी एकदम बंद केल्या: लाकडी धुराडं नाही, गवती छप्पर नाही.

फॉर्च्यूनवरच्या फळ्यांबद्दल निवाडा देणं अवघड आहे. देणं खरं होतं, आणि सावकारांनी हात आखडला असता तर पुढची रसद थांबली असती. पण एक भिंत म्हणजे 100 फळ्या, या हिशेबाने सात घरांच्या वाऱ्याकडच्या भिंती झाकायला 700 फळ्या पुरल्या असत्या. जहाज काठोकाठ भरलं होतं. तेवढ्या मागे ठेवल्याने सावकाराचा हिशेब फारसा हलला नसता.

सामाईक बांधकाम मोडण्याचा 9 जानेवारीचा निर्णयही अर्धाच घ्यायला हवा होता: सांगाडे सगळ्यांनी मिळून उभे करायचे, कूड आणि लिंपण ज्याचं त्याने. आणि लिंपण कोणत्याही परिस्थितीत थंडी ओसरेपर्यंत थांबवायचं, तोवर आतून चटया किंवा शिडाचं कापड टांगायचं. ज्या मातीला वाळायला ऊन नाही, तिच्यावर घालवलेले जानेवारीतले हात तुळया ओढायला उपयोगी पडले असते.